खुडूक कोंबडीची डोली

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या वाडीत एक तरुण राहत होता. त्याच्यासारखं धावणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं, आणि त्याच्याइतकं थांबता न येणारंही कोणी नव्हतं. नाव त्याचं हैबती.

पायथ्याच्या गावी जत्रा भरे, तिथं धावण्याची शर्यत लागे. देवळापासून निघायचं, माळावरच्या निशाणाला वळसा घालायचा आणि पुन्हा देवळाशी यायचं. हैबती लागोपाठ तीन वर्षं पहिला आला. तिसऱ्या वर्षी तर त्यानं शेवटची दोरी अशी काही ओलांडली की थेट कुंभाराच्या पालात शिरला. चौदा माठ फुटले, एक रांजण फुटला. कुंभारीण खापरांच्या ढिगात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जिंकलास ना रे बाबा?" ती म्हणाली. "मग आता कुणाच्या मागं लागला होतास?"

लोक पोट धरधरून हसले. खापरांतून त्याला हात देऊन उठवलं ते गेनूबाबांनी. गेनूबाबा त्याच्याच वाडीतले वृद्ध डोलीवाले. चाळीस वर्षं त्यांनी आजारी माणसं डोंगरावरून खाली उतरवली होती. त्याच्या अंगावरची माती झटकत ते एवढंच म्हणाले, "धावतोस झकास. फक्त निघायचं आणि थांबायचं शिकायचं राहिलंय."

हैबतीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. निघणं आणि थांबणं यात शिकण्यासारखं काय आहे? खरी शर्यत तर मधेच असते!

त्या वाडीला रस्ता नव्हता. असायची ती एक पायवाट. कुठं कातळात खोदलेल्या पायऱ्या, कुठं मोकळं पठार, कुठं कड्याच्या पोटातून जाणारी अरुंद वळणं. कुणी आजारी पडलं की जाड बांबूला घोंगडीची झोळी बांधायची, तीत माणसाला निजवायचं, एकानं पुढं आणि एकानं मागं खांदा द्यायचा. हीच डोली. बाबांचे गुडघे गेल्यापासून डोली हैबती आणि त्याचा सोबती सोमा यांच्याकडे आली होती.

जत्रेनंतरच्या महिन्यात हैबतीचा थोरला भाऊ मल्हारी मध काढताना कड्यावरून घसरला आणि त्याची नडगी मोडली. हैबतीनं डोलीचा पुढचा खांदा घेतला आणि निघाला तो बाणासारखा. सोमा मागून ओरडत होता, "अरे दमानं! अरे हैबती!" पण भावाचं कण्हणं कानात असताना दम कोण धरणार? अर्ध्या वाटेवर मल्हारीचं ओरडणं थांबलं. हैबतीला वाटलं, दादाचं दुखणं कमी झालं. तो आणखी जोरात धावला. एवढ्या लवकर त्या डोंगरावरून कधी कोणतीच डोली उतरली नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, बेशुद्ध पडलेल्या मल्हारीचा चेहरा पाहिला आणि मग घामानं निथळणाऱ्या हैबतीकडे पाहिलं. "लवकर आणलंत," त्या म्हणाल्या. "पण हा पाय दोनदा मोडलाय. एकदा कड्यावर आणि एकदा वाटेत."

मल्हारी बरा झाला, पण चालताना एका अंगाला झुकू लागला. धाकट्या भावाला तो कधी एका शब्दानं बोलला नाही. एखादी शिवी दिली असती तर हैबतीला हलकं वाटलं असतं. पुढच्या जत्रेत तो धावला नाही.

पुढं वर्षभरानं वहिनीला दिवस गेले. हिचं नाव सगुणा. हैबती नऊ वर्षांचा असताना ही नवी नवरी होऊन घरात आली आणि त्याच साली त्याची आई वारली. तेव्हापासून त्याला लहानाचं मोठं केलं ते हिनंच. जीभ तिखट, पण हात मऊ. आठवा महिना लागला आणि एके दिवशी तिच्या अंगावरून थोडं रक्त गेलं. डोंगर चढून आलेल्या नर्सबाईंनी तपासलं आणि मल्हारीला नि हैबतीला बाहेर बोलावलं.

"बाळाची वार खाली, पिशवीच्या तोंडाशी आहे," त्या म्हणाल्या. "बाळंत होईपर्यंत हिनं दवाखान्यातच राहायला हवं. बारा दिवसांनी खाट रिकामी होते. तोवर अंथरुणातून उठायचं नाही. खाली नेताना वाटेत फार वेळ घालवू नका, आणि हिसका तर एकही बसता कामा नये. रक्त सुरू झालं तर दोन्ही जीव हातचे जातील."

आतून वहिनीचा आवाज आला. "भावोजींच्या डोलीत मी नाही बसायची गं बाई! त्यापेक्षा बसत बसत डोंगर उतरेन!"

ती हसतच म्हणाली होती. पण हैबतीनं दारातून पाहिलं, तिचे दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले होते.

तो तडक गेनूबाबांच्या अंगणात गेला आणि त्यांच्या पायांशी बसला. "बाबा, मला शिकवा. पहिल्यापासून शिकवा."

बाबा मग उठून घरात गेले आणि एक पाटी घेऊन आले. पाटीत पेंढा, पेंढ्यावर अकरा अंडी आणि अंड्यांवर फुगून बसलेली एक खुडूक कोंबडी. मागोमाग त्यांची बायको धावत आली.

"अहो, डोकं फिरलंय का? आठवडा झाला तिला बसवून! कुठं निघालात तिला घेऊन?"

"डोलीत बसायची हौस आलीय तिला."

"हौस तुम्हाला आलीय! एक जरी अंडं वाया गेलं ना, तर तुमचं रात्रीचं कालवण बंद!"

"अगं, हा नेणार आहे. माझं कालवण कशाला बंद करतेस?" असं म्हणत बाबांनी पाटी डोलीच्या झोळीत अलगद ठेवली. मग हैबतीला म्हणाले, "हिला खालच्या उंबरापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. ती ओरडली की माघारी फिरायचं आणि इथून पुन्हा सुरू करायचं."

हैबतीला काही उमगेना. वहिनीचा जीव टांगणीला लागलेला, आणि हा म्हातारा कोंबडीच्या वराती काढायला सांगतोय! पण विचारायचं कुणाच्या तोंडानं? ज्या तोंडानं बाबांचं सांगणं एकदा मनातल्या मनात उडवून लावलं होतं, त्या? त्यानं सोमाला हाक मारली. दोघांनी खांदे दिले आणि डोली उचलली.

"कुर्रर्र!" कोंबडी पिसं फुलवून ओरडली.

"ठेवा खाली," बाबा म्हणाले.

ठेवली. "कुर्रर्र!"

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोली अंगणाबाहेर गेली नाही. पाण्याला निघालेल्या बाया कुंपणाशी थबकत. "काय हैबती, कोंबडीला पण आठवा लागला का?" एकीनं विचारलं. दुसरी म्हणाली, "जपून ने रे बाबा, जत्रेतल्या कुंभारणीला विचारून निघालायस ना?" सोमा लाजून बांबूआड तोंड लपवू लागला. हैबतीनं मान खाली घातली आणि पुन्हा डोली उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, मुंगीच्या पावलानं चालायचं. सावकाश म्हणजे किती सावकाश! तरी कोंबडी ओरडतच होती. निघताना ओरडे, वळणावर ओरडे, पायरी उतरताना ओरडे, थांबलं की तर ठणाणा करी. मध्ये मात्र गप्प. हैबती चडफडला. याहून हळू चालायचं म्हणजे मग उभंच राहायला पाहिजे!

तिसऱ्या दिवशी ते कसेबसे पठारापर्यंत पोचले. पठार सपाट, लांबच्या लांब, पायाखाली गुळगुळीत कातळ. हैबतीचा संताप अनावर झाला होता. मनातल्या मनात कोंबडीला आणि बाबांना शिव्या मोजत तो चालत होता, आणि त्या नादात त्याचं पाऊल वाढत गेलं. चालीची झपझप झाली, झपझपीचं धावणं झालं, आणि मागचा सोमाही न कळत त्या लयीत धावू लागला. अर्धं पठार सरल्यावर हैबतीच्या ध्यानात आलं की आपण धावतोय. भीत भीत त्यानं मागं वळून झोळीत पाहिलं.

कोंबडी डोळे मिटून झोपली होती.

त्याला एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला की "सोम्या, झोपली रे!" असं म्हणून तो जागच्या जागी थांबला. मागून सोमा आदळला, बांबू दचकला आणि कोंबडीनं असा काही आकांत मांडला की समोरच्या डोंगरावरची गुरं माना वर करून बघू लागली.

हैबती तिथंच कातळावर बसला. कोंबडीकडे पाहत राहिला. धावताना झोपलेली कोंबडी थांबल्यावर ओरडली होती. कुंभाराचे माठ त्याला आठवले. मग दादाचं ओरडणं आठवलं. ते कुठं कुठं उसळलं होतं, ती एकेक जागा त्याच्या डोळ्यांपुढं आली: अंगणातून निघतानाचा पहिला झटका, कड्याखालची तीन वळणं, पायऱ्यांवरची उडी. पठारावर दादा ओरडला नव्हता, पठार संपल्यावर पुन्हा ओरडला होता. पठारावर तर आपण सर्वांत जोरात धावत होतो!

माघारी येऊन त्यानं हे सगळं बाबांना सांगितलं. बाबांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर मंद हसू उमटलं. त्यांनी त्याला जवळ बसवलं.

"तीन दिवसांत कळलं तुला. मला तीन वर्षं लागली होती," ते म्हणाले. "अरे, वेग अंगाला लागत नाही. लागतो तो वेगातला बदल. उभ्याला चालवणं, चालत्याला थांबवणं, सरळ निघालेल्याला वळवणं, ही वेगवेगळी वाटतात, पण अंगाला एकच. मघाशी होतं ते आता मोडलं, आणि अंग अजून मघाशीच्याच चालीत आहे, तोच हिसका. बदल टळत नाही. ज्याला कुठं पोचायचंय त्याला निघावंही लागतं आणि थांबावंही लागतं. पण तोच बदल एका पावलात केलास तर हाड मोडतं, आणि वीस पावलांना वाटून दिलास तर कोंबडीसुद्धा जागी होत नाही. विटी झेलताना हात मागं नेतोस ना? कुणी शिकवलं? कुणीच नाही. हाताला कळतं, की तिला एकदम थांबवायचं नाही, थोडी आपल्याबरोबर येऊ द्यायची आणि मग थांबवायची. माणसाच्या बाबतीत मात्र आपण ते विसरतो."

मग ते म्हणाले, "शाळेतले गुरुजी सांगतात, ही सगळी पृथ्वी भिंगरीसारखी फिरतेय आणि धावतेयही. मी म्हटलं, फिरत असेल. माझ्या ओसरीवरच्या तांब्यातलं पाणी हलत नाही. हिला खांद्यावर घेणारा डोलीवाला मोठा कसलेला असला पाहिजे!"

त्यानंतर शिकणं खरं सुरू झालं. दोघांनी पावलं जुळवायची नाहीत. पुढच्याचा उजवा पडला की मागच्याचा डावा, म्हणजे झोळी उसळत नाही. उचलताना आधी बांबूला खांदा लावायचा, भार हळूहळू घ्यायचा, आणि झोळीला सुटल्याचं कळू न देता सरळ व्हायचं. पुढच्यानं वाट सांगत जायचं, आणि ती पायाखाली येण्याआधी सांगायची. "डावं वळण येतंय दहा पावलांवर!" "आलं ध्यानात!" "पुढं पायरी, वीतभर!" "येऊ दे!" बाबा म्हणत, "बदल होणारच असेल तर ज्याला सोसायचाय त्याला आधी सांगावं. निम्मा हिसका तिथंच जिरतो." दहाव्या दिवशी कोंबडी उंबरापर्यंत गेली आणि परत आली. म्हातारीनं पाटी हातात घेऊन पाहिली. "डोळे किलकिले करून माझ्याकडेच बघतेय मेली, झोपमोड केली म्हणून!"

बाराव्या दिवशी सकाळी वहिनीला डोलीत निजवलं. दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी झोळीची कड मुठीत धरली, ओठ दाबले. "भावोजी," ती म्हणाली, "कोंबडी नाही हो मी. मी ओरडले तर माघारी फिरू नका."

मल्हारी लंगडत दारात आला. हैबतीला त्याच्याकडे बघवेना. मल्हारीनं त्याच्या खांद्यावर घोंगडीची घडी ठेवली, बांबू रुतू नये म्हणून, आणि पहिल्यांदाच त्या विषयावर बोलला. "ने नीट. तुझ्याशिवाय कोण नेणार?"

नर्सबाई बाजूनं चालत होत्या. बाबा कुंपणापर्यंतच आले. हैबतीनं भार हळूहळू घेतला. पहिली दहा पावलं इतकी संथ की कुंपणाशी जमलेल्या बायांना वाटलं, हे काही आज पोचत नाहीत. पायऱ्या आल्या, वळणं आली. "उजवं वळण, पुढं ओलं!" "आलं ध्यानात!" झोळी नदीतल्या पानासारखी वळत होती. सुरुवातीला वहिनी मधूनमधून बोलत होती, "आलं का पठार?" "किती राहिलं?" मग तिचं बोलणं कमी झालं. पठाराच्या तोंडाशी ते अगदीच थांबलं.

"हैबती," सोमा मागून दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी बोलत नाही रे."

दादासुद्धा असाच गप्प झाला होता! हैबतीच्या पायांत दोन ओढी एकदम उठल्या: जिवाच्या आकांतानं धावत सुटावं, नाहीतर जागच्या जागी थांबून झोळीत पाहावं. दोन्हींत हिसका होता. त्यानं चाल होती तशीच ठेवली. "बाई," तो म्हणाला, "जरा बघता का?"

नर्सबाईंनी चालता चालता झोळीत हात घातला. नाडी पाहिली, घोंगडी वर करून पाहिलं. ती चार पावलं हैबतीला चार कोसांची झाली.

"कोरडं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "रक्त नाही. गाढ झोपलीय ती."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. पठार समोर होतं. त्यानं पाऊल वाढवलं, आधी तसूभर, मग वीतभर. पठाराच्या मध्यावर दोघं चक्क धावत होते, आणि पठार संपण्याआधी पन्नास पावलांवर त्यानं वेग सोडायला सुरुवात केली, नांगरून परतणाऱ्या बैलासारखा. उन्हं चढायच्या आत डोली दवाखान्याच्या ओट्यावर टेकली. दादाला आणलं त्या खेपेपेक्षा फार तर अर्धा तास जास्त लागला असेल.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वहिनीनं डोळे उघडले. डोक्यावर कौलं नव्हती, आभाळ होतं. समोर हैबती उभा होता, घामेजलेला. ती अजून अर्ध्या झोपेतच होती. वाडीच्या अंगणात मुठीत धरलेली झोळीची कड तिच्या हातून केव्हाच सुटली होती.

"भावोजी," ती म्हणाली, "निघायचं कधी?"

सोमा हसला, नर्सबाई हसल्या. हैबती मात्र हसला नाही. तो ओट्याच्या पायरीवर बसला. तो प्रश्न त्याला भलतीकडेच घेऊन गेला होता.

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. केवढा बदल तो! दुसऱ्या एखाद्या पोराचं त्यात हाड मोडलं असतं. आणि आपलं? त्यानं आठवून पाहिलं. आई आजारी होती तेव्हाच वहिनी तिच्याशेजारी बसून भाकरी थापू लागली होती. आधी आईच्या भाकरीत तिची एक असे, मग दोन, मग निम्म्या. आई हाक मारी तशीच, तेच नाव लांबवून ती हाक मारू लागली होती. आईच्या गोधडीवर तिनं आपली गोधडी एकदम टाकली नाही. आईच्याच गोधडीला पायाकडून एकेक तुकडा जोडत नेला. भूक लागल्यावर आपण 'आई' म्हणायचं सोडून 'वहिनी' कधी म्हणू लागलो, ते त्याला आठवेना. स्वतःच कोवळी असलेल्या त्या मुलीनं एवढा भार खांद्यावर घेतला होता, आणि डोलीतल्याला निघाल्याचंही कळू दिलं नव्हतं.

तो उठला आणि वाकून वहिनीच्या पायांना हात लावला.

"हे काय आता?" ती संकोचली. "उचलून आणलंत तुम्ही, आणि पाया माझ्या पडता?"

"वहिनी, तू मला आणलंस तेव्हा पडायचं राहून गेलं होतं," तो म्हणाला. तिला ते लगेच उमगलं नाही. मग उमगलं, आणि तिनं तोंड झोळीच्या कडेला वळवलं.

महिन्याभरानं मुलगी झाली. तिला डोलीतून वर आणताना ती साऱ्या वाटेत झोपून राहिली आणि गेनूबाबांच्या म्हातारीनं मांडीवर घेतल्यावरच रडली. हैबती गेनूबाबांच्या पाया पडायला गेला, तर बाबांनी अंगणाकडे बोट दाखवलं. "गुरू तिकडं आहे." कोंबडी दहा पिलं मागं घेऊन माती उकरत होती. अकरावं अंडं पहिल्या दिवशीच्या उचलाउचलीत गेलं होतं, आणि त्यापायी बाबांचं कालवण खरोखरच तीन दिवस बंद राहिलं होतं.

हैबतीनं कोंबडीलाही लांबूनच हात जोडले.

ज्यांनी आपल्याला कधी ढकललं, ते आपल्या पक्के लक्षात राहतात. ज्यांनी हिसका बसू न देता इथवर आणलं, त्यांना मात्र मुद्दाम आठवून नमस्कार करावा लागतो.